मरळ वर कधी मारते? विदर्भातल्या तलावांवर फ्रॉग टाकणाऱ्यांसाठी

मोबाईलवर अमेरिकेतल्या बास माशाचे व्हिडिओ पाहून फ्रॉग आणि पॉपर ही पाण्यावर तरंगणारी खोटी आमिषं (ल्युअर) मागवणारी पोरं आता भंडारा-गोंदियाच्या खेड्यांतही दिसतात. सामान चांगलं असतं, हातही चांगला बसलेला असतो, पण व्हिडिओतलं वेळापत्रक इथे लागू पडत नाही. बास आपल्या तलावांत नाही. त्याची जागा इथे मरळ चालवते. तीही दबा धरून बसते, गवताच्या आडून झेप घेते, आणि बेडूक दिसला की तिला राहवत नाही. म्हणूनच बाससाठी बनवलेली ल्युअर तिच्यावर चालतात.

फरक एकच आहे, पण तो मोठा आहे. बास कल्ल्यांनी पाण्यातच श्वास घेतो. तो पाणी फोडून वर आला तर बहुतेक वेळा खायलाच आलेला असतो. मरळीला कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत हवेतून श्वास घेणारा जादा अवयव असतो. तिला थोड्या थोड्या वेळाने वर येऊन हवेचा घोट घ्यावाच लागतो, पोट भरलेलं असो की रिकामं. नवीन माणूस तलावावर दहा ठिकाणी पाणी हलताना पाहतो, मासा खायला लागलाय समजून तासभर फ्रॉग फेकतो आणि रिकाम्या हाताने परततो. आमच्याकडचे ढिवर (मासेमार) काका एवढंच म्हणतात, "बाबू, थे दम घ्यायले आली, खायले नाही."

वर येणं वेगळं आणि वर मारणं, म्हणजे पाण्यावरच्या भक्ष्यावर झडप घालणं, वेगळं. हे दोन ओळखता आले की ऋतूंचं गणित सोपं होतं.

आधी तलाव कोणाचा ते पाहा

पूर्व विदर्भातले मालगुजारांच्या (जुन्या जमीनदारांच्या) वेळचे मालगुजारी तलाव, म्हणजे आपले मामा तलाव, मालगुजारी संपल्यावर सरकारकडे गेले. आज त्यांतले बरेच मच्छीमार सहकारी संस्थांनी मासेमारीसाठी घेतलेले असतात. रोहू, कतला, मिरगलचं बीज संस्था सोडते, आणि मरळही तिच्याच हक्कात येते. गरी टाकण्याआधी संस्थेच्या अध्यक्षांना किंवा राखणदाराला विचारा. बहुतेक जण चहा पाजून हो म्हणतात, काही ठिकाणी थोडे पैसे घेतात. शिंगाड्याचे वेल लावलेले असतील तर तो तुकडा सोडूनच द्या. ते कोणाचं तरी पीक आहे आणि तुमच्या गरीने ते तुटतं. नवेगाव-नागझिरा, पेंच, ताडोबासारख्या राखीव क्षेत्रातल्या पाण्याचा विचारही नको.

दम आणि वार: फरक कसा ओळखायचा

पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पोहोचल्यावर लगेच रॉड जोडू नका. पंधरा-वीस मिनिटं नुसतं बसून पाहा. सगळ्या लेखात एकच गोष्ट पाळायची असेल तर ही पाळा.

दम घेणारी मरळ गवतातल्या किंवा कमळपानांमधल्या मोकळ्या फटीत येते. तोंड जेमतेम वर निघतं, "गुळुक" असा बारीक आवाज होतो, लहान वर्तुळ उठतं आणि ती खाली जाताना दोन-चार बुडबुडे सोडते. आजूबाजूला काही हलत नाही. पाणी तापलेलं असेल तर ती लवकर लवकर वर येते, गार असेल तर बऱ्याच वेळाने.

वार करणारी मरळ पाणी उडवते. आवाज "फट्ट" असा कोरडा येतो, पानं हलतात, बारीक मासोळ्या एकदम पाण्याबाहेर शिंपडल्यासारख्या उडतात, काठावरचे बेडूक पटापट उड्या घेतात. असं एकदा जरी दिसलं तरी त्या कोपऱ्यात सकाळ घालवायला हरकत नाही.

तिसरी खूण थोडी बारीक आहे. देवधानाचे (रानटी भाताचे) किंवा गवताचे शेंडे एका रेषेत, एकामागून एक हलत जातात. मरळ फिरतीवर आहे, शोधते आहे. या मरळीपुढे फ्रॉग पडला तर ती सहसा सोडत नाही.

आता पहाटेचा घोळ. उन्हाळ्यात, विशेषतः जलकुंभीने किंवा शेवाळाने भरलेल्या तलावात, अंधार असतानाच सगळीकडे गुळुक-गुळुक सुरू असतं. वनस्पतीही रात्रभर श्वास घेतात, त्यामुळे उजाडण्याच्या सुमारास पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो आणि मरळीला वरच्या हवेवर जास्त अवलंबून राहावं लागतं. तो गलबला भुकेचा नसतो. पूर्वेला फटफटून बारीक मासोळ्या काठाला दिसू लागेपर्यंत थांबा. खरं काम त्यानंतर सुरू होतं.

दम घेताना दिसलेली मरळ निरुपयोगी आहे असं मात्र नाही. तिने जागा दाखवली. तिचं डोकं कुठल्या दिशेला होतं ते लक्षात ठेवा, मिनिटभर जाऊ द्या, आणि फ्रॉग त्या जागेच्या दोन-तीन मीटर पुढे, पलीकडे टाकून तिच्यावरून आणा. डोक्यावर टाकलात तर ती बुडून जाईल आणि बराच वेळ दिसणार नाही.

पाण्याचं तापमान, उजेड आणि वारा

बास वरच्या ल्युअरवर साधारण १५-१६ अंश सेल्सियसपासून नियमित यायला लागतो, असा अमेरिकेतल्या गरीवाल्यांचा आडाखा आहे. मरळ ऊन पाण्याची. पाणी २० च्या खाली उतरलं की ती सुस्तावते, आणि २४ ते ३१ अंशांच्या दरम्यान वर मारायला सर्वांत तयार असते असं मला दिसत आलं आहे. फिशटँकचा साधा थर्मामीटर दोरीला बांधून न्या. मोजायचं ते गवताच्या उथळ पाण्यात, वीतभर खोलीवर. तुडुमाजवळच्या (पाणी सोडायच्या दाराजवळच्या) खोल पाण्याचा आकडा घेऊन काही उपयोग नाही.

कमी उजेड मरळीच्या फायद्याचा, कारण ती खालून वर पाहते आणि फ्रॉग तिला आकाशाच्या पार्श्वभूमीवर काळ्या आकृतीसारखा दिसतो. म्हणून सकाळ-संध्याकाळ चांगली, आणि दिवसभर ढग असतील तर दिवसभर चांगलं. रंगावर पैसे घालवू नका. एक काळा, एक हिरवा-पिवळा पुरे. अंधारात आणि गढूळ पाण्यात काळाच बरा. अमावस्या-पौर्णिमेवर तावातावाने बोलणारे पुष्कळ भेटतात. मी त्यापेक्षा आदल्या रात्री किती गारठा होता ते विचारतो.

वाऱ्याची हलकी लहर असेल तर मरळ बिनधास्त होते. तिला तुमची सावली आणि लाईन नीट दिसत नाही. जोराचा वारा सुटला तर तरंगणारी जलकुंभी एका काठाला जमते. पुष्कळजण तो काठ टाळतात, कारण फेकणं त्रासाचं. पण छताखाली मरळ तिथेच असते. जमलेल्या गठ्ठ्याच्या कडेला आणि मधल्या भोकांत फ्रॉग आणा.

पाणी चढतंय की उतरतंय तेही विचारून घ्या. चढत्या पाण्यात मरळ काठाच्या नव्याने बुडालेल्या गवतात शिरते. धानासाठी तुडुम उघडून नहरात पाणी सोडलं की ती काठ सोडून गवताच्या खोल कडेला सरकते, आणि उथळात कितीही फेका, काही येत नाही.

एक गोष्ट मासेमारीतली नाही, पण सांगतो. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, अर्जुनी मोरगाव या पट्ट्यात मरळीची चांगली वेळ तीच वाघाची फिरण्याची वेळ. जंगलाला लागून असलेल्या तलावावर पहाटे किंवा अंधार पडताना एकट्याने जाऊ नका, पाठ जंगलाकडे करून वाकून बसू नका, आणि गावात हालचालीची बातमी असेल तर तो दिवस सोडा.

उन्हाळा: होळीपासून नवतप्यापर्यंत

होळीनंतर पाणी तापायला लागतं आणि मरळ जागी होते. मार्चमध्ये घाई नको. ऊन अंगावर येऊ द्या, सकाळी आठ-नऊनंतर काठ तपासा. एप्रिलमध्ये उलट होतं. दिवस तापतो आणि संध्याकाळचे शेवटचे दीड तास बहारीचे असतात. ऊन कलल्यापासून बेशरमाच्या झुडपांची सावली पाण्यावर लांब पडते, मरळ त्या सावलीच्या कडेला येऊन थांबते. फ्रॉग झुडपाच्या बुंध्यापर्यंत फेकायचा आणि सावली-उन्हाच्या सीमेवर थांबवायचा. वार बहुधा तिथेच होतो.

मे महिन्यात उथळ तलावांचं पाणी असं तापतं की मरळही वैतागते. उजाडल्यापासून ऊन चढेपर्यंतचा दीड-दोन तासांचा वेळ तेवढा खरा. भर दुपारी दाट जलकुंभीखाली ती सावली धरून असते आणि वरून फ्रॉग फिरवला तर घेतेही. बासही भर उन्हाळ्यात असाच गवताच्या छताखाली मिळतो. पण चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा पाळीवर दुपारी उभं राहू नका. मासा मिळेल, माणूस पडेल.

नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, आटत आलेल्या तलावांची डबकी होतात आणि सगळी मरळ तिथे गोळा झालेली असते. काही टाकलं तरी मारते. माझ्या मते तिथे गरी टाकू नये. पावसाळ्यात तलाव भरल्यावर तोच उरलेला मासा अंडी देणार असतो.

मार्च-एप्रिलमधल्या अवकाळी वादळाआधी आभाळ भरून येतं, वारा थांबतो, आणि अर्धा तास मरळ वेड्यासारखी मारते. मोह होतो. पण कार्बनचा लांब रॉड विजेला चांगला रस्ता देतो, आणि उघड्या पाळीवर तुम्हीच सर्वांत उंच असता. पहिला गडगडाट ऐकला की रॉड खाली ठेवून पाळ उतरा आणि पक्क्या घरात जा. झाडाखाली थांबू नका.

मृग ते श्रावण

मृगाच्या पहिल्या पावसात पिवळे झालेले मोठे बेडूक रात्रभर ओरडतात आणि मरळीला ते ऐकू येत नसेल असं मानायला मी तयार नाही. तरी पहिला लोंढा आला की एक-दोन दिवस जाऊ द्या. शेतातली माती वाहून येते, पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि मासा बावरतो. नंतर नाला तलावात शिरतो त्या तोंडाशी जा. गढूळ आणि निवळ पाण्याची जिथे रेघ दिसते तिथे निवळ बाजूने फ्रॉग आणा, हळू आणि आवाज करत.

रोवणीच्या (धान लावणीच्या) दिवसांत लहान मरळ नाल्यांतून बांध्यांत (धानाच्या वाफ्यांत) चढते. तिथे मोठा फ्रॉग नको, आणि दुसऱ्याच्या धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) पाय देताना विचारून द्या. नुकता रोवलेला धान तुडवणाऱ्याला मासोळीच्या नावाखाली कोणी माफ करत नाही.

पावसाळ्यात मरळ जोड्या करते. गवत बाजूला सारून ती छोटी मोकळी जागा करते, अंडी वर तरंगतात, आणि पिल्लं निघाल्यावर आईबाप त्यांच्याखाली राखण करत फिरतात. लाल-नारिंगी पिल्लांचा गोळा पृष्ठभागावर बुदबुदताना लांबूनही दिसतो; तीही दम घ्यायलाच वर येत असतात. त्या गोळ्यावरून काहीही नेलं तरी आईबाप त्यावर तुटून पडतात. भूक म्हणून नाही, राग म्हणून. व्हिडिओत हा सर्वांत जबरदस्त वार दिसतो आणि नेमका तोच घेऊ नये. राखण करणारी मरळ काढली की काही वेळातच बाकीचे मासे पिल्लं साफ करतात. गोळा दिसला की दुसऱ्या काठाला जा. चुकून लागलीच तर पाण्यातच गरी काढून त्याच जागी सोडा.

गोंदिया जिल्ह्यात याच काळात सारसांची घरटी धानाच्या बांध्यांत आणि तलावाच्या उथळ गवतात असतात. जोडी ओरडायला लागली म्हणजे तुम्ही फार जवळ गेलात.

परतीच्या पावसापासून दिवाळीपर्यंत

मला वर्षातले दोनच महिने निवडायला सांगितले तर मी हे निवडेन. तलाव काठोकाठ, पाणी निवळलेलं, पिल्लांची राखण संपलेली, आणि थंडीआधी खाऊन घ्यायची घाई. अमेरिकेतला बास शरदात उथळ खाड्यांत मासोळ्यांच्या थव्यामागे जातो. आपली मरळ बांध्यांतून उतरणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी बसते. हलका धान पिकायला लागला की शेतकरी बांधी फोडून पाणी काढतो. त्या पाण्याबरोबर बेडूक, खेकडे, बारीक मासोळ्या नाल्यात आणि तलावात येतात. असं तोंड सापडलं तर सरळ त्यात फेकू नका. पलीकडच्या काठावर, कोरड्यावर फ्रॉग टाका आणि बेडूक स्वतः उडी मारतो तसा तो हळूच पाण्यात ओढा. पहिल्या दोन हात अंतरात वार झाला नाही तर ओढून घ्या आणि पुन्हा तसंच करा.

कमळाच्या आणि देवधानाच्या पट्ट्यांत या दिवसांत सकाळी दहापर्यंत काम चालतं. ऑक्टोबरचं ऊन कडक असेल तर दुपार सोडा, ढग असेल तर सोडू नका.

पश्चिम विदर्भात, यवतमाळ-अमरावती-अकोल्याकडे, मामा तलाव नाहीत. तिथे सिंचन प्रकल्पांचे फुगवटे आणि नद्यांचे डोह पाहावे लागतात. फुगवट्याच्या शेवटच्या टोकाला, जिथे नदी पसरून उथळ होते आणि बुडालेली बाभळीची झुडपं असतात, तिथून सुरुवात करा. खोल नदीडोहांत शेपटीच्या बुडाशी डोळ्यासारखा ठिपका असलेली मोठ्या जातीची मरळ भेटू शकते. तिच्यासाठी मोकळ्या पाण्यात पॉपर बरा.

हिवाळा

डिसेंबर-जानेवारीत पहाटे जाणं म्हणजे थंडी खाणं. अकरा ते तीन एवढीच वेळ, आणि तलावाचा उत्तरेकडचा काठ: दक्षिणेकडे कललेलं ऊन तिथे सरळ पडतं आणि उत्तरेचा वारा पाळीमागे अडतो. फ्रॉग अर्धा हात सरकवा आणि दहा-पंधरा सेकंद निपचित ठेवा. लागोपाठ तीन-चार दिवस ऊन पडलं असेल तरच जा. थंडीची लाट आली त्या दिवशी घरी बसलेलं बरं.

काय टाकायचं आणि कसं चालवायचं

दाट गवतात आणि जलकुंभीवर पोकळ रबरी फ्रॉग. त्याच्या दोन्ही गऱ्या अंगाला चिकटून वर वळलेल्या असतात, म्हणून तो अडकत नाही. वेणीची लाईन ३० ते ५० पौंडांची घ्या. नायलॉन ताणला जातो आणि लांबवर गरी बसत नाही. रॉड साडेसहा-सात फुटांचा, ताठ. मध्यम गवतात पाती फिरणारा जंप फ्रॉग किंवा बझबेट सरळ ओढत आणा, मरळ फिरतीवर असताना हे चांगलं. मोकळ्या पाण्यात पॉपर: दोन झटके, मग वर्तुळं विरेपर्यंत थांबा.

चालवण्याचा वेग पाणी ठरवतं. ऊन पाण्यात चालता, गार पाण्यात रेंगाळता. मागे पाण्याची बाणासारखी लाट येताना दिसली तर थांबू नका, वेग बदलू नका. थांबलात की ती जवळ येऊन पाहते आणि वळते.

वार झाल्यावर

पाणी उडालं की हात आपोआप झटका देतो, आणि फ्रॉग तुमच्या तोंडाकडे उडून येतो. मरळ कधी कधी आधी नुसती धडक देते, मग घेते. रॉडचं टोक फ्रॉगकडे खाली करा, लाईनचा झोल रिळावर घ्या, वजन हाताला लागू द्या, आणि मग दोन्ही हातांनी जोरात. तिचं तोंड हाडाचं असतं, हलक्या ओढीने गरी रुतत नाही. लागली की पहिल्या पाच सेकंदांत तिला गवताबाहेर काढा. ती बुडाशी गुंतली तर गवतासकट ओढावी लागते.

दात बारीक पण धारदार आहेत, बोट तोंडात घालू नका. ओठ धरायची पकड आणि लांब चिमटा खिशात हवा. सोडायची असेल तर ओल्या हाताने धरा. ती हवेत बराच वेळ तग धरते हे खरं, म्हणून तिला तापलेल्या दगडावर ठेवून फोटो काढत बसावं असं नाही.

वार हुकला तर फ्रॉग तिथेच पडू द्या. बऱ्याचदा ती दोन-तीन सेकंदांत परत येते. नाही आली तर वर काढा, पिळून आतलं पाणी काढा, नाही तर फ्रॉग बुडत चालतो, आणि त्याच जागेच्या मीटरभर पलीकडे टाका. दुसऱ्यांदाही हुकली तर लहान आकाराचा फ्रॉग लावा. तरीही लागत नसेल तर गरीचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहा. नखावरून घसरलं तर कानस काढा.